जुना संगणक, कागदाची घडी आणि धूर

शाळेच्या प्रयोगशाळेतले एखादे जुने कपाट आवरायला काढले, की तुटक्या तराजूंच्या आणि रिकाम्या बाटल्यांच्या मागे कधी कधी एक पिवळट पडलेला संगणक सापडतो. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तो मांडावा असे कुणाच्या तरी मनात येते. धूळ झटकून, जुना दूरदर्शन संच जोडून त्याचा प्लग लावला जातो. नवल म्हणजे यंत्र चालू होते, पडद्यावर अक्षरे उमटतात, मुले टाळ्या वाजवतात. दहा-पंधरा मिनिटे जातात. मग आतून एक बारीक ‘तड्’ असा आवाज येतो आणि कोपऱ्यातून दाट, झोंबऱ्या वासाचा धूर निघू लागतो. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट ही, की धूर निघत असतानाही पडद्यावरची अक्षरे जागची हलत नाहीत. संगणक चालूच असतो.

प्रसंग रचलेला वाटेल. पण १९८० च्या दशकातले घरगुती संगणक जपणाऱ्या लोकांना, विशेषतः ‘बीबीसी मायक्रो’ हे यंत्र बाळगणाऱ्यांना, तो चांगलाच ओळखीचा आहे. त्यात जळतो तो संगणकाचा मेंदू नव्हे. विजेच्या डब्यातला, नखाएवढा रुंद, कागदाची घडी असलेला एक भाग जळतो. पाठ्यपुस्तकात आपण त्याला धारित्र म्हणतो, दुकानदार कपॅसिटर म्हणतो आणि पंखा दुरुस्त करणारा वायरमन कंडेन्सर म्हणतो.

चाळीस वर्षांनंतर मेंदू शाबूत राहतो आणि कागद मात्र पेटतो, असे का होते? उत्तरासाठी आपल्याला पावणेतीनशे वर्षे मागे जावे लागेल. पण आधी त्या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

शाळेसाठी घडवलेले यंत्र

१९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी जाणीव झाली की संगणक हा आता केवळ मोठ्या कार्यालयांचा विषय राहणार नाही, सामान्य माणसालाही तो समजायला हवा. बीबीसी या नभोवाणी-दूरदर्शन संस्थेने संगणक साक्षरतेचा प्रकल्प आखला. त्यासाठी लागणारे यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीने तयार केले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याच्या रचनाकारांपैकी होते. पुढे याच दोघांनी ‘आर्म’ प्रक्रियक रचला आणि त्याचे वंशज आज जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनीत आहेत. बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये दूरदर्शनवरची मालिका सुरू झाली. मॉडेल बी या प्रकारात स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्या स्मृतीवर ब्रिटनमधली एक पिढी प्रोग्रॅम लिहायला शिकली.

या यंत्राशी आपलाही संबंध आहे. १९८४-८५ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. संगणक साक्षरता आणि शाळांतील संगणक अभ्यास हा त्याचा विषय. पहिल्या टप्प्यात देशातल्या २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना जे यंत्र मिळाले ते बीबीसी मायक्रो. पुढे शाळांची संख्या वाढत गेली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने एकॉर्नच्या परवान्याने हे यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने काढलेही. आपल्या वाचकांपैकी जे ज्येष्ठ शिक्षक आहेत, त्यांच्यापैकी काहींनी पहिला संगणक पाहिला असेल तो हाच.

काचेच्या बरणीतली वीज

धारित्राची कथा सुरू होते १७४५ मध्ये. त्या काळी घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे होती, पण ती वीज साठवायची कशी हे ठाऊक नव्हते. पॉमेरेनियातल्या फॉन क्लाइस्ट याने आणि काही महिन्यांतच हॉलंडमधल्या लायडन गावी मुसेनब्रुक याच्या प्रयोगशाळेत, एकमेकांना न कळत, एकच गोष्ट घडली. पाणी भरलेले काचेचे भांडे हातात धरून त्यात वीज सोडली आणि दुसऱ्या हाताने आतल्या तारेला स्पर्श केला, तर विलक्षण जोराचा धक्का बसला. आधी सर्वांना वाटले की वीज पाण्यात साठते. नंतर उलगडले की पाणी हा आतला वाहक, धरणाऱ्याचा तळहात हा बाहेरचा वाहक आणि मधली काच हा विद्युत्‌रोधक. दोन वाहक आणि मध्ये एक पातळ रोधक, एवढीच धारित्राची व्याख्या. लवकरच हाताची जागा धातूच्या वर्खाने घेतली आणि ‘लायडन जार’ तयार झाली. १७४६ मध्ये नोले याने फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांची साखळी करून त्यांना या बरणीच्या एकाच धक्क्याने एकदम उडी मारायला लावले.

१७८२ मध्ये व्होल्टाने अशा उपकरणासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ होतो घट्ट करणारा, दाटवणारा. त्यातूनच ‘कंडेन्सर’ आले. पाठ्यपुस्तकांनी हा शब्द केव्हाच सोडला, आपल्या वायरमनने मात्र जपला. त्याला कुणी हसू नये, तो व्होल्टाची भाषा बोलतो आहे.

धारित्राची धारकता वाढवायची तर तीन मार्ग. वाहकांचे क्षेत्रफळ वाढवा, मधले अंतर कमी करा, किंवा मधला पदार्थ बदला. तिसरी गोष्ट फॅरडेने १८३७ च्या सुमारास मोजून दाखवली आणि म्हणून धारकतेचे एकक त्याच्या नावाने फॅरड झाले. यानंतरचा धारित्राचा सारा इतिहास म्हणजे या तीन मार्गांवरची धडपड आहे. आणि त्यातच आपल्या धुराचे मूळ आहे.

कागद आणि अ‍ॅल्युमिनियम

काचेची बरणी मोठी आणि नाजूक. १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये फिट्झजेराल्ड याने मेण पाजलेल्या कागदाच्या धारित्राचे पेटंट घेतले. धातूच्या वर्खाच्या दोन पट्ट्या, मध्ये मेणकागद, आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी. बरणीचे काम आता काडेपेटीएवढ्या जागेत होऊ लागले. पुढे वर्खही काढून टाकला आणि कागदावरच धातूचा अतिशय पातळ थर चढवला गेला. यात एक अनपेक्षित लाभ निघाला. कागदात एखादी जागा कच्ची निघाली आणि तिथे ठिणगी पडली, तर ठिणगीच्या उष्णतेने आजूबाजूचा धातूचा थर उडून जातो. भोकाभोवती धातूच उरत नाही, त्यामुळे शॉर्ट आपोआप सुटतो. जखम स्वतःच भरून निघते आणि धारकता किंचित कमी होते, इतकेच.

दुसरी वाट अ‍ॅल्युमिनियमची. १८९६ मध्ये कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने विद्युत्‌विच्छेद्य धारित्राचे पेटंट घेतले. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर टाकणखाराच्या द्रावात वीज सोडली, की त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. हा थर हाच रोधक, आणि तो दर व्होल्टमागे दीड नॅनोमीटरहूनही कमी जाडीचा. अंतर इतके कमी, म्हणून धारकता प्रचंड. किंमत एकच, की या धारित्राला द्राव लागतो आणि धन-ऋण बाजू सांभाळावी लागते. १९३० च्या आसपासच्या रेडिओंत वीजपुरवठ्याची घरघर घालवायला ही धारित्रे रुळली आणि तेव्हापासून प्रत्येक वीजपुरवठ्यात ती आहेत.

आता लक्षात घ्या, पहिला प्रकार कागदाचा, दुसरा द्रावाचा. कागद पाणी ओढून घेतो, द्राव वाळून जातो. सिलिकॉनच्या चकतीला हे दोन्ही रोग नाहीत. म्हणून मेंदू टिकतो आणि विजेचा डबा म्हातारा होतो.

धूर येतो कुठून?

बीबीसी मायक्रोच्या सुरुवातीच्या काही यंत्रांत जुन्या पद्धतीचा, रोहित्र असलेला वीजपुरवठा होता. तो फार तापे. म्हणून लवकरच त्या जागी नवी पद्धत आली. दुरुस्तीच्या दुकानात आज जिला एसएमपीएस म्हणतात तीच ही. यात घरातल्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे करतो. वारंवारता वाढल्यामुळे रोहित्र मुठीत मावेल इतके लहान चालते, आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट मिळतात.

पण हजारो वेळा तोडणे-जोडणे म्हणजे गोंगाट. तो तारेतून उलटा घरभर गेला तर शेजारचा रेडिओ खरखरेल. त्याला अडवायला प्लगमधून येणाऱ्या दोन तारांच्या मध्ये, थेट २३० व्होल्टवर, एक लहान धारित्र जोडतात. सुरक्षेच्या नियमांत अशा धारित्रांच्या वर्गाला ‘एक्स’ असे नाव आहे.

हे धारित्र काय करते ते मुलांना गणिताने दाखवता येईल. बीबीसी मायक्रोतल्या त्या धारित्राची धारकता ०.१ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्‌झच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे ३२ हजार ओहम, म्हणून त्यातून वाहतात जेमतेम ७ मिलिअँपिअर. गोंगाटाची वारंवारता समजा ३० हजार हर्ट्‌झ आहे. मग अडथळा ६०० पटींनी घटून ५३ ओहम होतो. घरच्या विजेला दार बंद आणि गोंगाटाला दार उघडे. गोंगाट तिथल्या तिथे फिरून विरतो, बाहेर पडत नाही.

या जागेसाठी त्या काळी अनेक कारखानदारांनी स्वीडनच्या रिफा कंपनीची धातुलेपित कागदाची धारित्रे निवडली. निवड अविचाराची नव्हती. थेट वीजवाहिनीवर बसणाऱ्या भागाला विजेचे झटके सोसावे लागतात आणि वर सांगितलेला जखम भरून येण्याचा गुण कागदात उत्तम असतो. म्हणजे कागद घेतला तो सुरक्षिततेसाठीच. तो इपॉक्सीत भिजवून पारदर्शक, मधाच्या रंगाच्या आवरणात बंद केलेला असे. घोटाळा झाला आवरणात. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने त्यावर बारीक भेगा पडतात, जुन्या चिनी मातीच्या बशीवर दिसतात तशा. भेगांतून दमट हवा आत जाते. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ. ओला कागद रोधक राहत नाही. ठिणग्या इतक्या पडतात की जखमा भरून निघण्याची क्षमता संपते. आतला भाग तापतो, कागद आणि इपॉक्सी जळून वायू होतो, आवरण फुटते आणि धूर बाहेर पडतो.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. हे धारित्र संगणकाला वीज पुरवत नाही, फक्त गोंगाट अडवते. म्हणून ते जळत असतानाही अक्षरे जागची हलत नाहीत. पुष्कळदा फ्यूजही जात नाही.

द्रावाचे दुखणे

अ‍ॅल्युमिनियमच्या धारित्राचे दुखणे सावकाश चालते. रबरी बुचातून द्राव कणाकणाने उडून जातो, धारकता घटते, पडद्यावर लाटा दिसू लागतात, यंत्र चालू व्हायला कुरकुर करते. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो हे आऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडले. त्यावरून अभियंते एक ठोकताळा वापरतात, तापमान १० अंशांनी कमी केले की आयुष्य दुप्पट. धारित्रावर ‘८५ अंश’ असे लिहिलेले असते, आणि त्या तापमानाला समजा २००० तासांची हमी आहे. मग ६५ अंशांना ८००० तास आणि ४५ अंशांना ३२,००० तास. अखंड चालवले तर साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. घरगुती संगणक काही तासच चालत, म्हणून ते इतके टिकले. पण द्राव उडून जाणे कपाटातही थांबत नाही.

हा रोग जुन्याच यंत्रांचा, असे समजण्याचे कारण नाही. १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या असंख्य संगणकांत धारित्रे दोन-तीन वर्षांतच फुगून फुटली. त्यांच्या द्रावात पाणी होते, पण पाण्यापासून अ‍ॅल्युमिनियमचे रक्षण करणारी द्रव्ये पुरेशी नव्हती. पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या क्रियेतून हायड्रोजन निघाला आणि डब्याचे झाकण वर आले. चाळीस वर्षे आणि दोन वर्षे यांतला फरक चमचाभर द्रावाच्या रसायनशास्त्राचा होता.

कपाटातल्या संगणकाचे काय करावे?

इथे आम्हाला शिक्षकांशी थोडे निक्षून बोलायचे आहे. जुना संगणक सापडला तर पहिला मोह प्लग लावून बघण्याचा होतो. तो टाळावा. मुलांच्या घोळक्यात तर मुळीच नको. आपल्याकडचे पावसाळे लक्षात घेता, इथल्या कागदी धारित्राने कोरड्या देशातल्या धारित्रापेक्षा कमी ओलावा ओढला असेल असे मानण्याला काही आधार नाही.

विजेचा डबा स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतले मोठे धारित्र ३२५ व्होल्ट धरून राहू शकते. ते १०० मायक्रोफॅरडचे असले तर त्यात सव्वापाच जूलच्या आसपास ऊर्जा असते. एक किलोचे वजन अर्ध्या मीटरवरून पडावे एवढी. हातातून गेली तर जिवावर बेतू शकते. लायडनच्या बरणीने जे शिकवले ते विसरू नये, धारित्राला वीज गेल्याचे कळत नाही. एसएमपीएसची नित्य दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या माणसाकडे डबा द्यावा. कागदी धारित्राच्या जागी त्याच धारकतेचे, एक्स वर्गाचेच, पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्याचे धारित्र बसवायला सांगावे. हा पापुद्रा पाणी ओढत नाही. सुटा भाग अगदी स्वस्तात मिळतो. हाताशी आहे म्हणून साधे धारित्र मात्र बसवू नये, वर्ग महत्त्वाचा. द्रावाची धारित्रेही त्याच वेळी तपासून घ्यावीत.

काढलेला जुना भाग फेकू नका. पुडीत घालून, तारीख लिहून, यंत्राबरोबर ठेवा. संग्रहालयांत वाद असतो की वस्तू जशीच्या तशी ठेवावी की चालती करावी. आमचे मत असे, की शाळेतला संगणक चालता असावा आणि त्याची जुनी जखमही शेजारी दिसावी. मुलांनी भेगा पडलेले आवरण भिंगातून पाहिले, तर पदार्थविज्ञानाच्या एका प्रकरणाइतके काम होईल.

आणि दुरुस्त करणे शक्य नसेल, तरी यंत्र भंगारात घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या, नोंद करा. ते शाळेत कोणत्या वर्षी आले, कोणी शिकवले, मुलांनी त्यावर काय केले. ‘क्लास’ प्रकल्पाच्या सरकारी नोंदी कुठे ना कुठे असतील. पण एखाद्या शाळेतल्या शिक्षकाने उन्हाळी सुटीत मुलांना बोलावून पहिला प्रोग्रॅम लिहून घेतला असेल, तर त्याची नोंद तुमच्याखेरीज कोणी करणार नाही. माणसांची आठवण द्रावाच्या धारित्रासारखीच असते, न वापरताही वाळत जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे एक नवे धारित्र आणि जुन्या रेडिओतून निघालेले तेवढ्याच धारकतेचे एक धारित्र घ्या. ९ व्होल्टच्या लहान बॅटरीला, धन-ऋण बाजू पाहून, क्षणभर जोडा. बॅटरी काढून धारित्राच्या दोन टोकांना १००० ओहमचा रोध आणि एक एलईडी एकसरीत जोडा. एलईडी एकदम पेटेल आणि काही सेकंदांत मंदावत विझेल. नव्या आणि जुन्या धारित्रांचे सेकंद मोजा. जुने लवकर विझले तर त्यातला द्राव वाळल्याची शंका घेता येईल. प्रयोग फक्त बॅटरीवरच करायचा, घरच्या विजेवर कधीही नाही.

मग मुलांना वर पाहायला सांगा. वर्गातला पंखा पहिल्या वर्षी होता तसा आता फिरतो का? पंख्याच्या मोटारीत एका गुंडाळ्यातला प्रवाह पुढे-मागे सरकवून चुंबकी क्षेत्र फिरते ठेवण्याचे काम बहुधा अडीच मायक्रोफॅरडचे एक धारित्र करते. त्यातही धातुलेपित पापुद्रा असतो. प्रत्येक लहान जखम तो भरून काढतो आणि दर वेळी थोडा धातू गमावतो. धारकता उतरत जाते आणि पंखा हळू होतो. वायरमन येतो, कंडेन्सर बदलतो, पंखा पुन्हा वारा देऊ लागतो.

पंख्यासाठी जे आपण न सांगता करतो, ते संगणकासाठी करायला आपण विसरलो. यंत्र शाळेत येते त्या दिवशी हार-तुरे होतात. त्याच्या आतला कागद किती वर्षे टिकेल, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढचे यंत्र शाळेत येईल तेव्हा हा प्रश्न मुलांनीच विचारावा, एवढे जरी या धुराने शिकवले तरी पुष्कळ झाले.